सफाईचा दाखला आणि जमिनीतली वाफ

दूषित जमिनीतली रसायनांची वाफ कशी मोजावी याची एक सविस्तर मार्गदर्शिका कॅलिफोर्नियाच्या विषारी द्रव्य नियंत्रण खात्याने काढली आहे. तिच्यात एक अट आहे. अर्धा इंच किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तर पुढचे पाच दिवस नमुने घेऊ नयेत. माती ओली असली की तिच्यातल्या पोकळ्या पाण्याने भरतात, नळीतून वाफ नीट ओढली जात नाही आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. अट शास्त्राला धरूनच आहे. पण ती वसई-विरारला लावली तर मृग लागल्यापासून हस्त सरेपर्यंत यंत्रं पेटीतच ठेवावी लागतील. अर्धा इंच म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर. जुलैत एवढा पाऊस इथे तासाभरात होऊन जातो. तुंगारेश्वरचे डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या सखल पट्ट्यात, वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या शहराने ही मोजणी कधी करायची, कुठे करायची आणि किती वर्षं करायची, याचं तयार उत्तर बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही.

हा प्रश्न आत्ताच काढण्याला कारण आहे. २४ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. मूळ पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा. रसायनांनी नासलेल्या जमिनीसाठी वेगळे नियम यायला जवळजवळ चार दशकं गेली. देशात अशा १०३ जागा हुडकल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या जेमतेम सात ठिकाणी शुद्धीकरण सुरू झालं आहे, हे चित्र त्या वेळी समोर आलं. नव्या पद्धतीत जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करून जागा दूषित आहे की नाही ते ठरवायचं. तपासायच्या रसायनांची यादी १८९ नावांची आहे. प्रदूषण करणारा सापडला तर खर्च त्याचा. एवढं सगळं असूनही, दूषित ठरलेली जागा अमुक वर्षांत साफ झालीच पाहिजे अशी मुदत नियमांत नाही. आणि साफ झालेल्या जमिनीतून घरात शिरणाऱ्या वाफेसाठी तर आपल्याकडे मानकच नाही. २००९च्या राष्ट्रीय हवा मानकांत बेंझीनची वार्षिक मर्यादा आहे, घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, पण ती बाहेरच्या हवेची. घराच्या आतल्या हवेचा हिशोब कुणी मागत नाही.

जमीन साफ झाली की नाही हे माती आणि पाणी तपासून ठरवण्याची आपली रीत अपुरी आहे, असं माझं म्हणणं आहे. वाफ वेगळी मोजावी लागते, पावसाळ्यासकट मोजावी लागते आणि तिची नोंद जमिनीच्या कागदाला चिकटलेली असावी लागते. पालघर जिल्ह्यात तारापूर औद्योगिक वसाहतीचा बोलबाला मोठा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुण घेऊन ती देशात पहिली आली, आणि मांगेला समाजाच्या संघटनेने हरित लवादात नेलेलं प्रकरण वर्षानुवर्षं गाजलं. पण तिथली सगळी चर्चा सांडपाण्याची, नाल्यांची, मासळीची. वाफेच्या दृष्टीने वसई पूर्व जास्त अवघड आहे. इथे मोठा, नाव असलेला, बोट दाखवता येईल असा कारखानाच नाही.

वालीव, सातिवली, गोखिवरे, गौराईपाडा, पेल्हार. खासगी इंडस्ट्रियल इस्टेटी आणि त्यांतले गाळे. एकाच गाळ्यात आज इंजिनिअरिंग, पाच वर्षांनी प्लेटिंग, मग प्लॅस्टिकचे साचे, मग छपाई, मग नुसतं गोदाम. भाडेकरू बदलतो तशी रसायनं बदलतात. धातूचा भाग प्लेटिंगच्या टाकीत घालण्याआधी त्यावरचं तेल काढावं लागतं, आणि त्यासाठी जगभर पिढ्यान्‌पिढ्या ट्रायक्लोरोइथिलीन वापरलं गेलं. टीसीई पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असतं. सांडलं की लादीच्या फटीतून खाली जातं, भूजल लागलं तरी न थांबता त्याच्याही खाली उतरतं आणि चिकणमातीच्या थरावर साचून राहतं. उकळतं मात्र ८७ अंशांनाच, म्हणजे त्याची वाफ पटकन होते. खाली साचलेला द्रव, त्यात मिसळलेलं पाणी आणि दोन्हींच्या वरच्या मातीच्या पोकळ्यांत भरलेली वाफ, असं हे तीन मजली दुखणं आहे. मातीचा नमुना पहिला मजला दाखवतो, विहिरीचा नमुना दुसरा. माणूस श्वासात घेतो तो तिसरा.

हा तिसरा मजला किती काळ नजरेआड राहू शकतो, हे न्यूयॉर्क राज्यातल्या एंडिकॉटने दाखवलं. आयबीएम कंपनीच्या जन्मगावांपैकी हे एक. १९७९मध्ये तिथल्या कारखान्यात ४,१०० गॅलन सॉल्व्हंट सांडलं. त्यानंतर भूजल उपसून शुद्ध करण्याचं काम सुरू झालं आणि ते वर्षानुवर्षं इमानाने चाललं. पाण्याचे आकडे येत राहिले, अहवाल जात राहिले. आजूबाजूच्या घरांत वाफ शिरते आहे का, हे पाहायला २००२ उजाडलं. शिरत होती. चारशेहून अधिक इमारतींखाली नळ्या आणि पंखे बसवावे लागले. यात लबाडी शोधण्यापेक्षा एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी: ज्याची मोजणी आराखड्यात नव्हती, ते वीस-बावीस वर्षं कुणाला दिसलं नाही.

साफ केलेली जमीन पुन्हा वाफ कशी सोडते, याची यंत्रणा आता चांगली समजली आहे. वाफ काढायची नेहमीची पद्धत म्हणजे जमिनीत जाळीच्या नळ्या पुरायच्या, वर निर्वात पंप लावायचा आणि खेचलेली हवा कोळशातून गाळायची. पहिल्या काही महिन्यांत भरपूर माल निघतो. मग आकडा उतरत उतरत सपाट होतो. ठेकेदार समाधानाने पंप बंद करतो, दाखला मागतो. पंप चालू असताना हवा वाळूच्या, भरावाच्या मोकळ्या वाटांनीच धावत असते. चिकणमातीत मुरलेलं सॉल्व्हंट जागचं हललेलं नसतं. पंप थांबला की ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि काही महिन्यांत वाफेचा आकडा परत चढतो. म्हणून पंप बंद केल्यावर ताबडतोब घेतलेल्या नमुन्याला काडीची किंमत नाही. खरी मोजणी पुढच्या वर्षभरात, टप्प्याटप्प्याने घ्यायची.

सफाईची पद्धतही कधी नवी वाफ तयार करते. जिवाणूंना खाद्य घालून सॉल्व्हंट पचवायला लावण्याची पद्धत स्वस्त आणि म्हणून लोकप्रिय आहे. जिवाणू एकेक क्लोरीन काढत जातात: ड्राय-क्लीनिंगवाल्यांच्या पर्क्लोरोइथिलीनपासून टीसीई, त्यापासून डायक्लोरोइथिलीन आणि मग व्हिनाइल क्लोराइड. साखळी पुरी झाली तर शेवटी निरुपद्रवी इथिलीन उरतं. ती अर्धवट थांबली तर व्हिनाइल क्लोराइड साचतं. ते साध्या तापमानाला वायूच असतं आणि माणसात कर्करोग करतं हे निर्विवाद सिद्ध आहे. वर खाद्य कुजून मिथेनही होतो. पाण्यातलं टीसीई शून्यावर आलं म्हणून पेढे वाटले जात असताना जोत्याखाली त्याहून वाईट वायू असू शकतो, तेव्हा मोजणीच्या यादीत मूळ रसायनाबरोबर त्याची पिलावळही हवी.

पेट्रोल-डिझेलचं तसं नाही. त्यांच्या वाफेला मातीत ऑक्सिजन मिळाला की जिवाणू ती दोन-चार मीटरांत फस्त करतात. पेट्रोल पंपांसाठी केंद्रीय मंडळाने जानेवारी २०२०मध्ये सूचना काढल्या. नवे पंप शाळा, रुग्णालयं आणि वस्तीपासून ५० मीटर दूर हवेत, कुठल्याही स्थितीत ३० मीटरच्या आत नकोत. ही अंतरं गळालेल्या इंधनाच्या वाफेलाही बऱ्यापैकी पुरेशी ठरावीत, निदान जमीन मोकळी असेल तिथे. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटने सगळं झाकून टाकलं की मातीला हवा मिळत नाही, आणि जिवाणूंचं हे फुकटचं काम थांबतं.

आता पावसाकडे. वाफेच्या शास्त्राची बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली आहेत. तिथे वाईट ऋतू हिवाळा, कारण घर तापवलेलं असतं, गरम हवा वर जाते, तळाशी दाब कमी होतो आणि फरशीच्या फटींतून जमिनीतली हवा आत ओढली जाते. वसईत घर कोण तापवतो? इथे दुसरीच गोष्ट घडते. वाफ पाण्यातून सरकते ती हवेतून सरकण्याच्या सुमारे दहा हजारपट संथ. पावसात अंगण, रस्ता, मैदान सगळं भिजून बंद होतं. भिजत नाही ती इमारतीच्या पोटातली माती. चहूबाजूंनी कोंडलेल्या वाफेला मग तेवढीच कोरडी वाट उरते, आणि ती वाट स्वयंपाकघराच्या लादीखाली संपते. त्यात भूजल वर चढत असतं आणि पोकळ्यांतल्या हवेला खालून ढकलत असतं. खाडीलगत भरती-ओहोटीही हेच काम लहान प्रमाणात, दिवसातून दोनदा करते.

पण पाऊस नेहमी वैरीच असतो असंही नाही. मोकळ्या जागेत पावसाचं स्वच्छ पाणी भूजलावर पातळ थरासारखं पसरतं आणि खालच्या दूषित पाण्याला झाकून टाकतं; मग वाफ कमी होते. जिथे पाणी जोत्यापर्यंत चढतं तिथे लादीखालची मातीही भिजते आणि दार बंद होतं. जुलै २०१८च्या पुरात मिठागरातली माणसं अडकून पडली होती, त्या भागात भर पावसात जमिनीतून वाफ मिळणं कठीण. मग पाणी उतरतं. ऑक्टोबरच्या उन्हात भूजल खाली जाताना वर-खाली झालेल्या पट्ट्यात चिकटून राहिलेलं सॉल्व्हंट उघडं पडतं, आणि माझ्या अंदाजाने इथला खरा धोक्याचा काळ तो असावा. अंदाज म्हणतो, कारण ही गोष्ट मोजून ठरवायची आहे. कोकणपट्टीतल्या वाफेचं वेळापत्रक अमेरिकेवरून उतरवून घेता येणार नाही.

तिकडून शिकण्यासारखं एकच, चिकाटी. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी यूटामधल्या लेटन गावात, दूषित भूजलावर उभं असलेलं एक घर घेतलं, त्यात कुणाला राहू दिलं नाही आणि दोन वर्षांहून अधिक काळ हवा सतत मोजली. आकडे शेकडो पटींनी खाली-वर होत होते. बराच काळ जवळजवळ काही नाही, मग काही दिवस जोरात. अशा घरात कुणी एक दिवस डबा ठेवून नमुना घेतला असता तर बहुधा घर निर्दोष ठरलं असतं. पुढे असंही दिसलं की वाफेचा एक मोठा हिस्सा मातीतून येतच नव्हता. जमिनीतल्या निचऱ्याच्या नळीतून थेट घराखाली येत होता. डेन्मार्कमधल्या अभ्यासांतही सांडपाण्याची गटारं वाफेची वाहतूक करताना सापडली. नालासोपाऱ्यातल्या तळमजल्यांविषयी बोलताना हे फार महत्त्वाचं वाटतं. फुटकी ड्रेनेज लाइन प्लेटिंगच्या गाळ्यांमागून येत असेल आणि मोरीचा नहाणी ट्रॅप उन्हाळ्यात कोरडा पडला असेल, तर कारखान्याची जागा आणि घर यांच्यात भिंत उरत नाही.

भरावाचा मुद्दाही इथलाच. वसईची पश्चिम बाजू वाळूची, बावखळांची, विहिरींची. पूर्वेला डोंगराचा कातळ. आणि मधल्या खारजमिनी, मिठागरं यांवर माती, डेब्रिज, मिळेल ते टाकून शहर उभं राहिलं. खाली ओली खारी चिकणमाती, वर सच्छिद्र भराव. खालून येणाऱ्या वाफेला ही चिकणमाती चांगली अडवते. पण सॉल्व्हंट भरावातच सांडलं, किंवा भरावाबरोबरच आलं, तर वाफ खाली जाऊ शकत नाही, आडवी पसरते. नेदरलँड्समधल्या लेकरकर्क गावाचा इतिहास वसईकरांनी जरूर वाचावा. रॉटरडॅमजवळच्या या गावात सत्तरच्या दशकात जुने चर कचऱ्याने बुजवून अडीचशेहून अधिक घरं बांधली. भरावात रसायनांची दीड हजारांहून अधिक पिंपं होती. आधी पिण्याच्या पाण्याला वास आला, कारण टोल्युइन-झायलीनसारखी द्रव्यं प्लॅस्टिकच्या जलवाहिनीच्या भिंतीतून आत गेली होती. १९८०मध्ये घरं रिकामी करून खालची माती उपसावी लागली. तीन वर्षांत त्या देशाने जमीन शुद्धीकरणाचा कायदा केला. समुद्रसपाटीच्या खाली राहणारे डच आणि भरतीच्या पातळीला टेकलेले आपण, दोघांनाही भरावाशिवाय गत्यंतर नाही. भरावात काय आहे हे विचारायला मात्र आपण शिकलेलो नाही.

कचराभूमीचा वायू हा या प्रश्नाचा सख्खा भाऊ, आणि मराठी मुलखातला याबाबतचा प्रत्यक्ष अनुभव त्याच्यातच आहे. मालाडला चिंचोली बंदराच्या जुन्या डम्पिंग ग्राउंडवर कार्यालयांचा माइंडस्पेस परिसर उभा राहिला. पहिल्या दशकातच तिथे संगणक आणि इतर उपकरणं गंजून बंद पडत असल्याच्या, डोकेदुखीच्या तक्रारी वृत्तपत्रांत आल्या आणि जमिनीतल्या वायूंकडे बोट दाखवलं गेलं. माणसांच्या तक्रारीपेक्षा सर्व्हरच्या बिघाडाची दखल लवकर घेतली जाते, हे त्यातलं कडू सत्य. याच्या उलट उदाहरण वसईच्या दक्षिणेला, गोराईला आहे. १९७२पासून वापरात असलेली १९.६ हेक्टरांची कचराभूमी मुंबई महापालिकेने शास्त्रीय पद्धतीने बंद केली. उतार दिला, झाकणाचे थर दिले, वायूच्या विहिरी खोदून मिथेन जाळायची सोय केली आणि बंद झाल्यानंतरच्या १५ वर्षांच्या देखभालीची तरतूद त्याच कामात ठेवली. गोराईचं मोठेपण मिथेन जाळण्याच्या कार्बन क्रेडिटपेक्षा या १५ वर्षांत आहे. सफाई आणि देखरेख एकाच कागदावर आली.

वसई-विरारचा कचरा गोखिवऱ्याच्या भोईदापाड्याला जातो. उद्या जुना ढीग उपसून बायोमायनिंगने जागा मोकळी झाली, तरी तळाशी मुरलेलं कुजतच राहील. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी मिथेनला मर्यादा घातली, स्फोटाच्या किमान पातळीच्या २५ टक्के, म्हणजे हवेत सव्वा टक्का. बंद झाल्यावर किमान १५ वर्षं निगराणीही सांगितली. परंतु २०२५च्या दूषित जागांच्या नियमांतून कचराभूमींचा घनकचरा वगळला आहे, कारण त्याला वेगळे नियम आहेत. कागदावर हे रास्त. जमिनीवर काय होतं? कचऱ्याबरोबर कारखान्यांची पिंपं, प्लेटिंगचा गाळ, थिनरचे डबे त्याच ढिगात गेलेले असतात. मिथेन मोजणारा टीसीई मोजत नाही, आणि मिसळलेल्या रसायनाची पातळी मर्यादेबाहेर असल्याचं दिसल्याशिवाय दूषित जागांचे नियम तिथे लागू होत नाहीत. दोन नियमांच्या मधल्या फटीतून वायू सहज जातो.

मिथेन तरी स्वतःची दखल घ्यायला लावतो. इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातल्या लॉस्को इथे १९८२मध्ये बंद झालेल्या कचराखाणीजवळचा एक बंगला २४ मार्च १९८६च्या सकाळी स्फोटाने उडाला. त्या रात्री हवेचा दाब काही तासांत झपाट्याने कोसळला होता आणि जमिनीतला वायू बाहेर खेचला गेला होता. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की आपल्याकडे बातमी मच्छीमारांसाठी असते. बंद कचराभूमीशेजारी राहणाऱ्यांसाठीही ती असू शकते, हे लॉस्कोने शिकवलं. टीसीईचा मात्र स्फोट होत नाही, वासही येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने घरातल्या हवेसाठी धरलेली पातळी घनमीटरला २ मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, आणि नाकाला वास येण्यासाठी त्याच्या हजारो पट लागतं. ‘इथे कसलाच वास येत नाही’ हे वाक्य सोसायटीच्या सभेत ऐकायला छान वाटतं, पुरावा म्हणून शून्य.

मग मोजायचं कसं? लादीला बोटभर भोक पाडून धातूची लहान नळी सीलबंद बसवतात आणि आतून निर्वात केलेल्या स्टीलच्या डब्यात हवा सावकाश ओढतात. भोवती हेलियम सोडून, तो डब्यात सापडला तर सील गळतंय हे कळतं. डबा प्रयोगशाळेत जातो. हातात धरायची वास-यंत्रं गळती शोधायला बरी, या सूक्ष्म पातळीला निरुपयोगी. अमेरिकन संस्थेच्या २०१५च्या मार्गदर्शिकेत लादीखालच्या वाफेचा तीन टक्के भाग घरात येतो असं सावधपणे धरलं आहे. त्या हिशोबाने घरात २ हवं तर लादीखाली सत्तरच्या आसपास चालतं. हा तीन टक्क्यांचा आकडा अमेरिकन घरांवरून आला आहे. खिडक्या सताड उघड्या असणाऱ्या वसईतल्या वाडीतल्या घरात तो फार कडक ठरेल, आणि मागची खिडकी नसलेल्या, शटर ओढून झोपायच्या दहा बाय दहाच्या खोलीत कदाचित सैल. घरातली हवा तपासायची तर घरचे स्रोतही आधी बाजूला करावे लागतात. नव्या रंगाचा वास, डांबराच्या गोळ्या, ड्राय-क्लीन करून आणलेली साडी, गॅलरीत ठेवलेला थिनर, सगळे यंत्राला सारखेच. वर मी ऑक्टोबर धोक्याचा म्हटलं, आणि नेमक्या त्याच महिन्यात दिवाळीसाठी घराघरांत रंग काढला जातो. तेव्हा लादीखालचा आणि घरातला नमुना एकाच वेळी घ्यावा. जे लादीखाली नाही आणि घरात आहे, ते रंगाच्या डब्यातलं.

माझ्या मते या पट्ट्यात साफ केलेल्या जागेला वर्षात तीन मोजण्या तरी हव्यात: मे महिन्यात माती कडक कोरडी असताना, ऑगस्टमध्ये इमारतींच्या आत आणि लादीखाली, आणि पाणी उतरताना दसऱ्याच्या आधी-नंतर. पावसाळ्यात मोकळ्या जमिनीत नळी घालण्याचा हट्ट नको. तिथे कॅलिफोर्नियाची अट बरोबर आहे. इमारतीच्या पोटातली माती कोरडी असते, ती अट तिथे तशीच्या तशी लागू पडत नाही. दोन पावसाळे आकडे चढले नाहीत तर मोजणी विरळ करावी. बांधकामाचं स्वरूप बदललं, शेजारी खोल पाया खणला, भराव वाढवला, की पुन्हा सुरू. अमेरिकेत, दूषित माल जागेवरच झाकून ठेवला असेल, तर दर पाच वर्षांनी सगळं प्रकरण नव्याने तपासायचं कायद्याने बंधन आहे. ते आपल्याकडे आणायला हरकत नसावी.

आकड्यांपेक्षाही मला काळजी वाटते ती वापर बदलण्याची. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनव्हिल इथे थर्मामीटरच्या बंद कारखान्याच्या इमारतीत पाळणाघर सुरू झालं आणि दोनेक वर्षं चाललं. २००६च्या उन्हाळ्यात हवेत पाऱ्याची वाफ सापडली तेव्हा ते बंद झालं. इमारत तीच, मालक नवा. वसई पूर्वेला गाळ्याचं रूपांतर कोचिंग क्लासमध्ये, जिममध्ये, नर्सरीत व्हायला दुकान परवान्यापलीकडे काय लागतं? आणि माणूस बदलला नाही तरी यंत्रणा बिघडू शकते. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथल्या जुन्या चिप-कारखान्यांच्या जागेवरच्या गूगलच्या दोन इमारतींत २०१२-१३च्या हिवाळ्यात टीसीई मर्यादेबाहेर गेलं, कारण हवा खेळवणाऱ्या व्यवस्थेत बिघाड होता. जिथे सुरक्षितता पंख्यावर अवलंबून आहे तिथे वीज गेली की सुरक्षिततासुद्धा गेली. लादीखालची हवा ओढून गच्चीवर सोडणारा पंखा छोटा असतो, काही वॅटचा, पण त्याचं बिल आणि दुरुस्ती कुणाची? बिल्डर कन्व्हेअन्स देऊन मोकळा झाल्यावर सोसायटी म्हणणार, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगण्याची जागा आपल्याकडे आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा, कूळ, न्यायालयाचा मनाई हुकूम, सगळं चढतं. शुद्धीकरण झालेल्या जागेचा ताजा वाफ-अहवाल आणि पुढच्या मोजणीची तारीख त्यात चढवण्यात अडचण तांत्रिक नाही. बंद कारखान्याच्या जमिनीवर घरं बांधायची परवानगी मागताना, कामगारांची कायदेशीर देणी चुकती झाल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला राज्याच्या विकास नियमावलीत मागितला जातो, आणि तो मागितलाच पाहिजे. तिथेच, त्याच ओळीखाली, जमिनीच्या तपासणीचा दाखला मागता येईल. अर्थात कागदावरचं माणसापर्यंत पोचतंच असं नाही. नालासोपाऱ्यातल्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती २०२५च्या सुरुवातीला पाडल्या गेल्या. ती जागा विकास आराखड्यात सांडपाणी केंद्र आणि डम्पिंगसाठी राखीव होती. आराखडा सरकारी कार्यालयात सर्वांना पाहायला खुला होता, आणि तरी अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं तिथे राहायला आली. आरक्षण कागदावर रंगाने तरी दिसतं. वाफेला रंगही नाही.

म्हणून सुरुवात यादीपासूनच व्हायला हवी, आणि पालघरच्या जिल्हा प्रशासनाला ती करण्यासाठी नवं यंत्र लागणार नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जुनी संमतिपत्रं असतात, त्यांत कच्च्या मालाची नावं असतात. कारखाने निरीक्षकांकडे परवाने असतात. महावितरणकडे औद्योगिक जोडण्या कुठे सुरू झाल्या आणि कधी बंद पडल्या याची नोंद असते. इस्टेटीतल्या जुन्या सुपरवायझरला आणि भंगारवाल्याला कुठल्या गाळ्यामागे काय ओतलं जायचं हे यांतल्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक असतं. आणि महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे आगींची वही असते. आगीत पिंपं फुटतात, बंबाचं पाणी ती द्रव्यं घेऊन गटारात आणि भरावात उतरतं, दुसऱ्या दिवशी पंचनामा जळालेल्या मालाचा होतो, मुरलेल्या मालाचा होत नाही. २००९मध्ये महापालिका झाल्यापासूनची ती वही आणि वालीव-पेल्हारचा नकाशा शेजारी ठेवला, तर पहिल्या सहामाही अहवालात कोणत्या सर्व्हे नंबरांची नावं घालायची हे एका आठवड्यात ठरू शकेल.